तिचं वाक्य राहिलंय

समोरच्याचं बोलणं कुठे संपणार आहे, हे ऐकणाऱ्याला आधीच कळत असतं. जगभरातल्या दहा भाषांमधली साधी प्रश्नोत्तरं तपासणारं एक संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी निघाली. एवढ्याशा वेळात नवं वाक्य जुळवता येत नाही. म्हणजे प्रश्न चालू असतानाच कान त्याचा शेवट हेरतो आणि जीभ तयारीला लागते.

म्हणून ‘मला वाटलं, तिचं बोलून झालं’ ही सबब मला पटत नाही. वाक्य कधी संपेल हे ज्याला कळतं, त्याला ते संपलेलं नाही हेही कळतं. आणि हाच माणूस साहेब बोलत असताना चुकूनही तोंड उघडत नाही.

मधे बोलायची सवय माणूस बघून लागते.

*

या विषयातली सगळ्यात गाजलेली मोजणी १९७५ची. डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात लोकांची रोजची बोलणी ध्वनिमुद्रित केली आणि ३१ संभाषणं शब्दशः उतरवून काढली. त्यांतली ११ एक बाई आणि एक पुरुष यांच्यातली होती. या ११ संभाषणांत ४८ वेळा एकानं दुसऱ्याचं बोलणं तोडलं, आणि त्यांपैकी ४६ वेळा तोडणारा पुरुष होता. बायकाबायकांच्या आणि पुरुषापुरुषांच्या उरलेल्या २० संभाषणांत मिळून हे अवघं ७ वेळा घडलं.

आकडा इतका ठसठशीत होता की तो सगळीकडे पोचला. पण ११ संभाषणं म्हणजे मूठभरच. पुढच्या वीसेक वर्षांत अनेकांनी मोजून पाहिलं आणि निकाल एकसारखे आले नाहीत. १९९८ मध्ये क्रिस्टिन अँडरसन आणि कॅम्पबेल लीपर यांनी असे ४३ अभ्यास एकत्र ताडून पाहिले. पुरुष जास्त तोडतात, पण फरक थोडा, असं दिसलं. मात्र दुसऱ्याची पाळी हिसकावून घेणारं तोडणं तेवढं वेगळं काढलं, तेव्हा फरक वाढला.

मला या दोघांचं काम पहिल्या आकड्याहून मोलाचं वाटतं. तिथे आवाजांची गणती मागे पडते आणि प्रश्न उभा राहतो तो हक्काचा: बोलायची पाळी कोणाची होती, आणि ती कोणी घेतली.

*

दिवाळीच्या आधी चार जणी लाडू वळायला बसल्या की एकीच्या वाक्यात दुसरीचं वाक्य मिसळतं. एक सांगत असते नणंदेच्या बाळंतपणाचं. दुसरी मधेच विचारते, “कितवा महिना होता?” तिसरी म्हणते, “अगं, आमच्याकडेही अस्संच झालं.” चौथी पाक पुढे सरकवता सरकवता डॉक्टरणीला नावं ठेवते. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीच कोणाचं ऐकत नाही. पण लाडू वळून होईपर्यंत नणंद सुखरूप मोकळी झालेली असते आणि पोराचं वजन किती भरलं तेही चौघींना ठाऊक असतं.

डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी अशा बोलण्याचा कैवार घेतला, आणि बरं केलं. दोन आवाज एकमेकांवर पडणं आणि बोलणं तोडणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. काही घरांत, काही गावांत गप्प बसून ऐकणं हीच परकेपणाची खूण मानतात. तिथे मधे बोलणारा सोबत करत असतो.

फरक ओळखायचा तो पुढच्या वाक्यावरून. मधे पडलेल्या शब्दानंतर तिची गोष्ट पुढे सरकली, तर ती सोबत. तिची गोष्ट तिथेच राहिली आणि त्याची सुरू झाली, तर ते तोडणं. मग त्याचा आवाज कितीही मऊ असो. गोड बोलून तोडलेलं वाक्यही तुटलेलंच असतं.

*

तोडण्यासाठी तोंड उघडावं लागतंच असं नाही.

गोष्ट सांगायच्या आधी आजी अट घालायची: हूं म्हणायचं. हूं थांबला की गोष्ट थांबे. सांगणाऱ्याचा अर्धा दम ऐकणाऱ्याच्या हुंकारात असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता रात्रीच्या जेवणाचं ताट डोळ्यांपुढे आणा. ती सांगते, आज बँकेत काय झालं. तो मोबाइलवर. “हं.” ती थांबते. पुन्हा सांगते. बराच वेळ काही नाही, मग वाक्य संपून गेल्यावर, उशिरानं, “हं.” तिसऱ्यांदा ती सांगत नाही. भाजी हवी का, एवढं विचारते. या प्रश्नाला चटकन उत्तर येतं.

पामेला फिशमन यांनी सत्तरच्या दशकात तीन अमेरिकन जोडप्यांच्या घरात टेपरेकॉर्डर ठेवले. ५२ तासांची बोलणी जमा झाली. त्यांतला जो भाग त्यांनी बारकाईनं तपासला, त्यात बायकांनी ४७ विषय काढले होते आणि त्यांतले १७ चालले. पुरुषांनी २९ काढले आणि २८ चालले. विषय चांगले-वाईट नव्हते, सगळे रोजचेच होते. फरक एवढाच की पुरुषाच्या विषयाला बायको हुंकार देत होती, प्रश्न विचारत होती, धागा पुढे नेत होती. तिच्या विषयाला तसं कोणी नव्हतं. संभाषण चालतं ठेवण्याचे कष्ट एकीचे, आणि संभाषण कशावर चालावं हे ठरवणारा दुसरा.

हे कष्ट घरकामाइतकेच खरे आहेत आणि तेही कोणी मोजत नाही.

*

सोसायटीची वार्षिक सभा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघतो. चौथ्या मजल्यावरच्या बाई उभ्या राहतात. दोन पावसाळे त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे. त्या म्हणतात, “मला वाटतं, गळती गच्चीतून नाहीच आहे. टाकीच्या पाइपातून असेल, कारण उन्हाळ्यातही...”

“मॅडम, मुद्दा कळला तुमचा,” अध्यक्ष म्हणतात. “आधी गच्चीची कोटेशनं बघून घेऊ.”

मुद्दा कळलेला नसतो. मुद्दा ‘उन्हाळ्यातही’ या शब्दाच्या पुढे होता. पाऊस नसतानाही ओल उतरते, हे सांगायचं होतं. बाई क्षणभर उभ्या राहतात, मग बसतात. हातातला कागद चारदा दुमडतात.

तीन कोटेशनं वाचून होतात. चहा येतो. मग एक निवृत्त इंजिनिअर म्हणतात, “भर उन्हाळ्यात ओल दिसत असेल, तर आधी पाइप तपासायला हवा.” माना डोलतात. “बरोबर आहे सर तुमचं.” इतिवृत्तात सूचक म्हणून त्यांचं नाव लिहिलं जातं. त्यांनी चोरी केली असं मी म्हणणार नाही. त्यांना ते त्यांचंच वाटलं असेल. अर्ध्यावर राहिलेलं वाक्य बेवारस असतं, कोणीही उचलावं.

सभा संपल्यावर जिना चढताना बाई शेजारणीला म्हणतात, “मी तेच म्हणत होते.” शेजारीण म्हणते, “हो ना, मी ऐकलं.”

तिनं ऐकलं होतं. खुर्च्यांवर बसलेल्या आणखीही काही जणांनी ऐकलं असणार. ज्या ठिकाणी हे बोलायचं होतं, तिथे मात्र कोणीच बोललं नाही.

*

ज्या बाईचं बोलणं सारखं तुटतं, तिच्या बोलण्याची घडण बदलते. काही जणी घाईनं बोलायला लागतात, स्टेशन यायच्या आत सगळं सांगून टाकायचं असल्यासारख्या. काही जणी आधीच पडतं घेतात: ‘चुकत असेन तर सांगा’, ‘एकच मिनिट घेते’, ‘मला एवढंच म्हणायचं होतं’. कधी तीच तीच गोष्ट दोनतीनदा सांगतात, कारण पहिल्या वेळी ती पोचली की नाही याची खात्री नसते. आणि मग त्यांनाच ऐकावं लागतं की बायकांना मुद्द्याचं बोलता येत नाही, नुसतं चऱ्हाट लावतात.

काही जणी बोलणंच सोडून देतात. घरचे कौतुकानं म्हणतात, आमची सून फार शांत आहे. शांत म्हणून नावाजलेल्या किती जणी मुळात शांत होत्या, हे त्यांच्या माहेरी विचारून बघावं.

*

तोडणारा दर वेळी पुरुषच असतो, हे खरं नाही. सुनेचं वाक्य सासू तोडते. कामाला येणाऱ्या मावशींचं वाक्य मालकीण तोडते, आणि मावशी उद्याच्या सुट्टीचं सांगायच्या राहून जातात. ज्याची सत्ता त्याचं वाक्य पूर्ण होतं. इतकं सरळ असतं तर मी म्हटलं असतं, हा स्त्री-पुरुषांचा प्रश्न नाही, हुद्द्याचा आहे.

पण कँडेस वेस्ट यांनी पुढे डॉक्टर आणि रुग्ण यांची बोलणी तपासली. १९८४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टर पुरुष असेल, तर रुग्णाचं बोलणं डॉक्टर जास्त तोडत होते. डॉक्टर बाई असेल, तर रुग्णच डॉक्टरचं बोलणं जास्त तोडत होते. अंगावर तोच पांढरा कोट, हातात तेच ज्ञान, त्याच खुर्चीचा अधिकार. तरीही. हुद्दा मिळवला म्हणून बाईला वाक्य पूर्ण करायचा हक्क आपोआप मिळत नाही.

याहून मोठा पुरावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातून आला. टोन्या जेकोबी आणि डिलन श्वियर्स यांनी तिथल्या तोंडी युक्तिवादांची इतिवृत्तं तपासून २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०१५च्या सत्रात नऊ जागांपैकी तीन जागांवर स्त्रिया होत्या: रूथ बेडर गिन्सबर्ग, सोनिया सोटोमेयर, एलेना केगन. न्यायमूर्तींना मधेच तोडण्याचे जेवढे प्रसंग त्या सत्रात घडले, त्यांतले ६५.९ टक्के या तिघींच्या वाट्याला आले. तोडणारे नुसते सहकारी न्यायमूर्ती नव्हते, वकीलही होते. न्यायमूर्ती बोलू लागले की वकिलानं लगेच थांबावं, असा त्या न्यायालयाचा दंडक आहे.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार लागली. न्यायालयात जसजशी वर्षं जातात, तसतशा या स्त्रिया प्रश्नाच्या आधीचे सौजन्याचे शब्द टाकून देतात. ‘विचारू का’, ‘माफ करा’ अशी सुरुवात केली की तेवढ्या फटीत कोणीतरी घुसतं, हे त्यांच्या लक्षात येतं. सभ्यपणा परवडत नाही म्हणून सोडावा लागणं, ही देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींची गत.

*

बृहदारण्यकोपनिषदात जनकाची सभा आहे. याज्ञवल्क्यांना एकेक विद्वान प्रश्न विचारतो. गार्गी वाचक्नवी उठते. पाणी कशावर ओतप्रोत विणलेलं आहे, तिथून ती सुरुवात करते आणि एकेक पायरी चढत थेट ब्रह्मलोकापर्यंत जाते. तिथे याज्ञवल्क्य तिला थांबवतात: याच्यापुढे विचारलंस तर डोकं गळून पडेल. गार्गी गप्प बसते.

ही धमकी तिला बाई म्हणून दिली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या काळच्या वादसभेची ती रीत होती. त्याच सभेत शाकल्यालाही ती मिळाली आणि कथेत त्याचं डोकं खरोखरच पडतं. मला विचार करायला लावते ती गार्गीची पुढची कृती. उद्दालक आरुणीचे प्रश्न झाल्यावर ती पुन्हा उठते. मला आणखी दोन प्रश्न विचारायचे आहेत, असं सांगते. पण कोणाला? याज्ञवल्क्यांना नाही. ती जमलेल्या ब्राह्मणांना उद्देशून बोलते, आणि ते तिला विचारायला सांगतात. मग ती जे विचारते, त्यातून अक्षराचं, अविनाशी तत्त्वाचं ते मोठं निरूपण बाहेर येतं.

सभेनं तेव्हा नको म्हटलं असतं, तर ते निरूपण झालंच नसतं.

*

तुटलेलं वाक्य ज्याचं त्यानं जोडून घ्यावं, अशी आपली समजूत आहे. ‘तिनंही ठासून बोलावं ना, कोणी अडवलंय?’ हे मला वरवरचं वाटतं. तोडणाऱ्याला तोडून बोललेली बाई भांडकुदळ ठरते, आणि मग तिचं ऐकायचं नाही याला कारणच मिळतं. वाक्य परत द्यायचं काम जमलेल्यांचं आहे.

अमेरिकेच्या त्या न्यायालयानं २०२१च्या ऑक्टोबरात पद्धत बदलली. नेहमीची प्रश्नोत्तरं झाली की प्रत्येक न्यायमूर्तीला ज्येष्ठतेच्या क्रमानं स्वतंत्र पाळी मिळू लागली, मधे कोणी येणार नाही अशी. अशा अभ्यासांचा या बदलात वाटा होता, असं सोटोमेयर यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं. कोणाचाही स्वभाव बदलायची वाट पाहिली नाही. क्रम ठरवला.

आपल्याकडे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, आणि महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. जागा मिळाल्या. पण सरपंच बाईंना प्रश्न विचारला की शेजारच्या खुर्चीतून त्यांचे यजमान उत्तर देतात, हे दृश्य इतकं अंगवळणी पडलंय की ‘सरपंचपती’ हे पदच होऊन बसलं. त्या पदाची कोणत्याही कायद्यात तरतूद नाही. तामिळनाडूतल्या ग्रामसभांची शब्दशः इतिवृत्तं तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की तिथे बायका कमी बोलतात, आणि बोलल्या तरी अधिकाऱ्यांकडून त्यांना उत्तर मिळण्याची शक्यता पुरुषांपेक्षा कमी असते. पण अध्यक्षपदावर बाई असेल, तर इतर बायकांच्या प्रश्नांची दखल जास्त घेतली जाते. खुर्चीवर कोण आहे, याचा परिणाम खाली बसलेलीच्या वाक्यावर होतो.

ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली ती १८८२ साली, बुलढाण्यात. तिच्यावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. तरीही त्यांचं दुसरं पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही, आणि हेही विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे ते मराठी वाचकाच्या हाती आलं. बाजू घेणारा एक जण होता, पण सभा नव्हती. ९३ वर्षं गेली.

*

वस्तीतला छोटा दवाखाना, पडद्याच्या अलीकडे बाकं, पलीकडे डॉक्टर. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं.

“काय होतंय, ताई?”

“हिला ना, ॲसिडिटी आहे,” नवऱ्याचा आवाज. “वेळेवर जेवत नाही. उपासतापास फार. मी सांगतो तर...”

“तुम्हाला काय होतंय?” डॉक्टर पुन्हा विचारतात.

“रात्रीचं जळजळतं तिला. मागे ती गुलाबी गोळी दिली होती तुम्ही, तीच...”

त्या माणसाला बायकोची काळजी नव्हती असं नाही. आवाजात काळजीच होती. रजा टाकून तो तिला घेऊन आला असेल. पण दुखणं तिच्या अंगात होतं आणि ते सांगत होता तो.

“दादा, एक मिनिट. त्यांना सांगू द्या.”

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तिचा आवाज, अडखळत. जिना चढताना धाप लागते. जबडा दुखतो, इथे, खालच्या बाजूला. पाठ भरून येते. बसलं की बरं वाटतं. किती दिवस? झाले पंधरावीस दिवस. सांगितलं नाही का घरी? सांगितलं होतं.

डॉक्टरांनी कागद फाडला आणि म्हणाले, गोळी नंतर, आधी ईसीजी काढून आणा, आत्ताच. हृदयविकारात बायकांना छातीत कळ येईलच असं नाही. धाप, मळमळ, जबडा, पाठ अशा वाटांनीही तो येतो आणि पुष्कळदा ॲसिडिटी म्हणून घरातच मिटवला जातो.

आपण सगळेच कधी ना कधी अशा खोलीत तिसरे असतो: सभेला अध्यक्ष, मुलाखतीत परीक्षक, जेवणाच्या ताटावर थोरला मुलगा. तेव्हा मोठं भाषण करावं लागत नाही. ‘त्यांचं बोलणं राहिलंय, आधी ते ऐकू’ एवढं म्हणायचं, आणि ती बोलत असताना तिच्याकडे बघायचं. इतिवृत्त लिहिणाऱ्यानं मुद्दा पहिल्यांदा जिनं मांडला, तिचं नाव लिहावं. आणि घरातल्या बाईला दवाखान्यात घेऊन जाणाऱ्याला हात जोडून सांगणं आहे: डॉक्टरांनी तिला विचारलं असेल, तर उत्तर तिला देऊ द्या.